बाणकोटावरचं कुंकू

आमच्या ह्यांना माणसांशी भांडता येत नाही, म्हणून ते पुस्तकांशी भांडतात. महाडच्या बाजारात कोणी सडकी वांगी पिशवीत घातली तर गुपचूप घेऊन येतील, पण छापलेल्या ओळीत काही खटकलं की ताट गार झालं तरी भान नाही. तुडीलला त्यांना सगळे महिपत मास्तर म्हणून ओळखतात. शाळेतला इतिहास-भूगोल त्यांच्याकडे. माझं माहेर नाते गावचं. चार इयत्ता शिकले, आणि मास्तराच्या घरी आल्यावर हाय-नाय सोडून आहे-नाही म्हणायला शिकले. बाकी संसार मीच त्यांना शिकवला, तोही अजून त्यांना नीट येत नाही.

ते वर्ष गोव्याचं होतं. डिसेंबरात आपलं सैन्य गोव्यात शिरलं, साडेचारशे वर्षं बसलेले फिरंगी गेले, आणि तुडीलच्या शाळेत साखर वाटली. मुलं खुशीत होती म्हणून ह्यांनी धडाही नेमका तोच काढला, वास्को द गामाने हिंदुस्थानचा शोध लावला तो. पहिल्याच ओळीला अडले. म्हणाले, शोध कसला? हा गृहस्थ आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागला तेव्हा तिथे आपल्याकडची गलबतं आधीच उभी होती. तिथला एक वाटाड्या सोबत घेतला तेव्हा कुठे त्याला कालिकत दिसलं, आणि हे त्याच्याच माणसांनी लिहून ठेवलंय. मग त्या वाटाड्याला वाट कोणी दाखवली, ते पुस्तकात का नाही? मुलांना सांगितलं, पुस्तक मिटा आणि जुने नकाशे बघायला शिका. नकाशा खोटं बोलला तरी पकडता येतो.

इथवर माझं काही म्हणणं नव्हतं. वर्गात बोला काय बोलायचं ते, वास्को काही तुडीलला जाब विचारायला येत नाही. पण मग त्यांना देवीची वाट आठवली, आणि खरी भानगड सुरू झाली ती तेव्हापासून.

देवीची वाट म्हणजे आमच्या घरातला नकाशा. सासर आमचं पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीत. तिथून समुद्र काय, सावित्री नदीसुद्धा धड दिसत नाही. पण घराण्याचा मूळपुरुष म्हणे गलबतावर होता. तो दर्यापार हबशांच्या मुलखात, म्हणजे आफ्रिकेला गेला, येताना देवीला घेऊन आला, बाणकोटला उतरला, भरतीबरोबर महाडपर्यंत आला आणि तिथून देवीला डोक्यावर घेऊन डोंगर चढला. आणि हे सगळं फिरंगी यायच्या आधी. सासूबाई सांगायच्या, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी सांगितलेलं. ज्या नकाशावरून तो आला तो आमच्या देव्हाऱ्यातल्या करंडीत, खणात गुंडाळून ठेवलेला. कापडावर डकवलेला जाड कागद, त्यावर किनाऱ्याची रेघ, बंदरांवर चिमुकले बावटे, चांदण्या आणि मोडीतली बारीक अक्षरं.

तो आम्ही वाचत नव्हतो, पुजत होतो. दसऱ्याला आणि शिमग्याला करंडी उघडायची आणि ओलं कुंकू लावायचं ते बाणकोटवर, कारण देवीचं या मुलखातलं पहिलं पाऊल तिथे पडलं. एकाच जागी, जुन्यावर नवं, किती पिढ्या ते देवीलाच ठाऊक. तिथे कुंकवाची अशी खपली धरली होती की बोट फिरवलं तर उंचवटा लागायचा. नवी सून म्हणून मीही लावलेलं आहे.

आता या नकाशाला आमचं घर एवढं का चिकटून, ते सांगते. वाडीत भावक्या दोन, आमची आणि रावजीची. शिमग्याला देवीची पालखी निघते, तिला पहिला खांदा कोणाचा, यावरून जुन्या काळी डोकी फुटलेली आहेत. रावजीचे म्हणत, आमचे वाडवडील इथे फिरंग्यांच्या काळात आले, गाव आम्ही वसवलं, मान आमचा. आमचे म्हणत, देवी फिरंग्यांच्याही आधीची आणि आणली आम्ही. शेवटी आजेसासऱ्यांच्या वेळी गावकी बसली, देवीची वाट मधोमध ठेवली, सगळ्यांनी तिच्यावर हात ठेवले आणि मान आमच्याकडे आला. पहिला खांदा आमच्या घरच्या थोरल्याचा, आणि पालखी पहिली आमच्या दारात.

तो थोरला म्हणजे माझे भावोजी, कुशाबा. सासरे गेले तेव्हा आमचे हे लहान होते. भावोजी मुंबईला गिरणीत लागले आणि तिथे राबून ह्यांना मास्तर केलं. स्वतःचं काही धरलं नाही हाताशी. जाऊबाई लवकर गेल्या, मूलबाळ नाही, छाती कापसाच्या धुळीनं भरलेली. गिरणी सोडून वाडीला आले ते खोकत आणि वाकून. पण शिमग्याला पालखीचा दांडा खांद्यावर आला की हा माणूस असा ताठ व्हायचा की लांबून ओळखू यायचा नाही. वर्षभर ते त्या दिवसासाठी श्वास घेतात असं मला वाटायचं. दुसरं होतंच काय त्यांना?

तर ह्यांनी पुण्याच्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांना कळवलं, की आमच्याकडे असा नकाशा आहे, फिरंग्यांच्या आधी आमचे लोक दर्यापार जात होते याचा पुरावा आहे, येऊन बघा. प्राध्यापकांचं उत्तर आलं, माघात येतो. फक्त एक करा म्हणाले. बंदरं हातोहात फिरतात, तेव्हा कुठल्या बंदरावर कोणाचा बावटा आहे ते नीट बघून ठेवा, नकाशाचं वय त्यावरून कळतं. बाकीचे बावटे दिसत होतेच, पण सगळे एकसारखे तांबडे ठिपके, त्यांवरून काही बोध होईना. आपल्या घरचं बंदर बाणकोट, आणि तेच कुंकवाखाली.

मी म्हटलं, नसती उठाठेव कशाला? आहे ते बरं आहे. पण थोरल्या भावोजींनाच जास्त हौस. देवीची वाट पुण्यापर्यंत कळणार, यात त्यांना केवढं भूषण. आम्ही वाडीला गेलो तेव्हा स्वतः आंघोळ करून, देवीची क्षमा मागून त्यांनी करंडी ओटीवर आणली. दुपारची वेळ, उजेड चांगला. भावोजींनी कागदाचे कोपरे धरले आणि हे मोरपिसाच्या देठानं खपली सोडवायला लागले. निघालेलं कुंकू मी केळीच्या पानावर गोळा करत होते, ते पाण्यात सोडायचं होतं. वरचं कुंकू तांबडं निघालं, मग काळपट, मग मातीसारखं. भावोजी मधूनमधून हसून म्हणत होते, सावकाश रे, आईला लागंल.

आणि ह्यांचा हात थांबला. मला त्यांचं गप्प बसणं ओळखू येतं. पुस्तकात चूक सापडली की ते गप्प होतात, पण तेव्हा डोळे चमकतात. आज तोंडावरचं रक्त उतरलं होतं.

"काय रे, काय निघाला?" भावोजींनी विचारलं.

"कंपनी सरकारचा बावटा, दादा."

मी वाकून पाहिलं. किल्ल्याच्या टोकावर नखाएवढा झेंडा, तांबडे-पांढरे पट्टे आणि कोपऱ्यात फुली. बाजूला मोडीत दोन शब्द. ते ह्यांनी वाचून दाखवले, बाणकोट, टोपीकर. टोपीकर म्हणजे इंग्रज. मग ते हळूहळू समजावत राहिले, जसे वर्गात समजावतात. बाणकोट इंग्रजांच्या हाती गेलं सतराशे छप्पन्नच्या सुमाराला. तेव्हा शिवाजी महाराज जाऊनही पाऊणशे वर्षं उलटली होती. फिरंगी तर त्याच्या कितीतरी आधीच आलेले. म्हणजे हा नकाशा फिरंग्यांच्या आधीचा असणं शक्य नाही.

भावोजी म्हणाले, बावटा मागाहून कोणी काढला असंल. माझ्या जिवात जीव आला. खरंच, का नसेल काढला? पण ह्यांनी बोट ठेवून दाखवलं. नदीची रेघ बावट्याच्या काठीपाशी येऊन थांबली होती आणि काठी सोडून पलीकडून पुढे गेली होती. बावटा आधीचा, नदी नंतरची, शाई एकच. माझ्यासारख्या चौथी शिकलेलीलाही दिसलं ते. मला ते दिसायला नको होतं.

भावोजींनी कागदाचे कोपरे सोडले. मग उठले, देव्हाऱ्यातून कुंकवाचा करंडा आणला, पाण्याचे दोन थेंब घातले, कालवलं आणि अंगठ्यानं त्या बावट्यावर ठसठशीत टिळा लावला.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, महिपती. शिमग्याला लावायचंच हाय, ते आज लावलं. खोटं कोण बोललाय यात?"

खोटं खरंच कोणी बोललं नव्हतं. हीच तर पंचाईत होती. खोटं बोलायचं असतं तर ह्यांनी सरळ नाही म्हटलं असतं. इथे फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात तर आमच्या ह्यांचा हात धरणारा कोणी नाही.

तुडीलला परत आलो आणि आमच्या घरातलं अन्न गोड लागेनासं झालं. हे शाळेत जायचे, यायचे, नदीकाठी जाऊन बसायचे. महाडकडे चढणारे मालाचे पडाव आणि उतरणारे पडाव बघत राहायचे. वर्गात भिंतीवरचा नकाशा गुंडाळलेलाच आहे, मास्तर नुसत्या सनावळ्या पाठ करून घेतात, असं शेजारची पोरगी सांगून गेली. माझी तऱ्हा त्याहून वाईट. एष्टीचा भोंगा ऐकला तरी मी दाराशी धावायचे, की आले प्राध्यापक. रावजीच्या लोकांना कळलं तर शिमग्याला काठ्या निघतील, की आम्हाला वाळीत टाकतील, की भावोजी अंथरूण धरतील, असं एकेक डोक्यात यायचं आणि भाकरी तव्यावर करपायची.

एकदा मी तोंड सोडलंच. म्हटलं, तो वास्को मरून साडेचारशे वर्षं होत आली, त्याच्याशी तुमचं काय वाकडं आहे? दादा जिवंत आहेत. ज्या माणसानं गिरणीत छाती जाळून तुम्हाला अक्षर दिलं, त्याच्याच तोंडातला घास काढणार? त्यापेक्षा प्राध्यापकांना कळवा, येऊ नका म्हणून.

ते म्हणाले, कळवावं असं मलाही वाटलं होतं. मग पुढे म्हणाले, "त्यांच्या पुस्तकाला मी खोटं म्हणतो, आणि आपल्या कुंकवाला खरं म्हणू? मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला, प्रयाग?"

मी म्हटलं, फरक असा की ते पुस्तक लिहिणाऱ्यांना असा भाऊ नव्हता. मला रडू आलं, आणि रागही आला. राग कोणाचा ते अजून कळलेलं नाही.

प्राध्यापक आले. नकाशा वाडीबाहेर न्यायचा नाही म्हणून त्यांना पोलादपूरहून डोंगर चढवून आणलं. भले गृहस्थ, दमले तरी कुरकुर नाही. देवळात सतरंजी टाकली होती. दोन्ही भावक्या जमल्या. भावोजी धुतलेलं धोतर आणि फेटा बांधून नकाशाच्या शेजारी बसले. एरवी खोकत असतात, त्या दिवशी खोकलाही दाबून धरला होता. मी बायकांत बसले होते, खांबाला टेकून.

प्राध्यापकांनी भिंग काढून एकेक चांदणी, एकेक बंदर पाहिलं. आफ्रिकेच्या किनाऱ्याची रेघ पाहून तर ते हरखूनच गेले. बाणकोटवर मात्र भिंग धरून थांबले. कुंकू पाहिलं, भावोजींकडे पाहिलं आणि म्हणाले, ही पूजेची जागा, हिला मी हात लावणार नाही. मग सगळ्यांना सांगितलं, की ताऱ्यांवरून वाट काढायची ही विद्या फार जुनी, आणि असा नकाशा फिरंग्यांच्या आधीचा असला तर मला नवल वाटणार नाही.

देवळात गलका झाला. भावोजींनी डोळे मिटून हात जोडले. रावजीनं मान खाली घातली. मी मनात म्हटलं, सुटलो गं आई, सुटलो. आता फक्त ह्यांची वाचा तेवढी बंद ठेव.

आणि हे उठले. आवाज इतका बारीक, की पुढच्यांनी मागच्यांना गप्प केलं.

"त्या कुंकवाखाली इंग्रजांचा बावटा आहे. मी डोळ्यांनी पाहिलाय. हा नकाशा फिरंग्यांच्या आधीचा नाही. दोनशेएक वर्षांहून जुनाही नसेल."

रावजी उभा राहिला. मला वाटलं, आता हा ओरडणार आणि काठ्या निघणार. पण त्यानं ह्यांना काही विचारलं नाही. भावोजींकडे वळला आणि विचारलं, "कुशाबा, तुला ठावं होतं?"

"दादाला काही माहीत नाही," हे घाईनं म्हणाले. "मी एकट्यानंच खरवडलं."

माझ्या नवऱ्याला खोटं बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. एवढं सगळं खऱ्यासाठी केलं आणि शेवटी भावासाठी खोटं बोलला बापडा. तेही त्याला धड जमलं नाही, कान लाल झाले होते.

भावोजी उठले. फेटा सारखा केला.

"ठावं होतं," ते म्हणाले. "कागद मीच धरला होता. टिळाबी मीच लावला."

आणि खोकला आला. तो आला तो थांबेना. कोणीतरी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही, तसेच खोकत देवळाच्या पायऱ्या उतरून गेले.

प्राध्यापकांना पोचवायला हे पोलादपूरपर्यंत गेले. वाटेत प्राध्यापक म्हणाले, की मास्तर, तुमचं म्हणणं यानं खोटं ठरत नाही. आपले लोक दर्यापार जात होतेच. फक्त त्याचा पुरावा हा नकाशा नव्हे. हे हो म्हणाले. तसंच शिकवीन म्हणाले, आणि आजही तसंच शिकवतात. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं. मला त्या वेळी त्यातलं काही ऐकायचं नव्हतं. घरी भावोजी ओटीवर बसले होते आणि मी त्यांच्यापुढे चहा ठेवून आत जायलाही घाबरत होते. हे परत आले आणि त्यांच्या पायाशी जाऊन बसले.

भावोजी रागावले नाहीत. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, "तुला शाळेत मीच घातला ना रे?"

"होय, दादा."

गावकी बसली आणि पहिला खांदा रावजीच्या घराला गेला. त्या शिमग्याला पालखी आमच्या दारात शेवटी आली. मी खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घातलं, देवीची ओटी भरली. रावजी माणूस वाईट नाही. त्यानं पालखी थांबवून भावोजींना हाक दिली, तुमच्या दारात तरी तुम्ही खांदा द्या म्हणाला. भावोजींनी हात जोडले देवीला, रावजीला नाही, आणि म्हणाले, गिरणीत दुसऱ्याच्या जागी बदलीवर काम केलंय मी, देवीच्या पालखीला बदली नाय करायचा. पालखी पुढे गेली. ताशे लांब जाईपर्यंत ते अंगणात उभे होते, वाकलेलेच.

पुढच्या वर्षापासून ते शिमग्याला वाडीत राहत नाहीत. होळीच्या आधी मुंबईला जातात, जुन्या सोबत्याच्या खोलीवर. सगळी वाडी मुंबईहून गावाला येते तेव्हा. पोलादपूरच्या स्टँडवर एष्ट्या भरून येतात, टपावर ट्रंका, पोरं, ढोलकी, आरडाओरडा. सगळे उतरत असतात आणि आमचे भावोजी एकटेच चढणारे. हे तुडीलहून मुद्दाम येतात त्यांना बसवून द्यायला. मीही जाते, कारण ह्यांना एकट्यानं परत येऊ द्यायची मला भीती वाटते. उतरणारे ओळखीचे विचारतात, काय कुशाबा, शिमगा सोडून कुठं? भावोजी म्हणतात, औषध आणायला चाललो.

ह्या साली गाडीत बसले तेव्हा श्वास फार लागला होता. ह्यांनी खिडकीशी उभं राहून विनवलं, दादा, या वर्षी नका जाऊ, छाती बरी नाही. मी ताशांच्या आधी तुम्हाला तुडीलला नेतो, तिथे काही ऐकू यायचं नाही.

भावोजी म्हणाले, "तुडीलला तू असशील."

गाडी सुटली. हे तिथेच उभे राहिले, आणि येणाऱ्या गर्दीचे धक्के खात राहिले.